लेकरू फ्लोरिडात, जीव टांगणीला

या महिन्यात आलेल्या पत्रांत आणि मेसेजमध्ये वादळाचा विषय इतक्या वेळा आला की पूर्ण सदर त्यालाच देतेय. अमेरिकेतला हरिकेन सीझन १ जूनला सुरू होतो आणि ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो, आणि नागपुरातल्या किती घरांतली पोरं तिकडे समुद्राकाठी राहतात हे ही पत्रं वाचून कळलं. पहिलं पत्र मोठं आहे, पण मी ते फारसं कापलेलं नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. आम्ही त्रिमूर्ती नगरात राहतो, मी आणि हे. मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू फ्लोरिडात सेंट पीटर्सबर्गला आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात मिल्टन वादळ आलं तेव्हाचं सांगते. घरी घट बसलेले, आणि मी आरती झाली की मोबाईल घेऊन तो नकाशा पाहून राहिली, समुद्रातून निघालेला पांढरा पट्टा आणि पट्ट्याच्या बरोब्बर मधे आमच्या पोराचं गाव. दोन दिवस आधी साधं वादळ होतं बाप्पा, आणि सोमवारी पाहते तर कॅटेगरी ५ म्हणे, ताशी २८५ किलोमीटर वारा. मुलगा म्हणाला आई आम्ही निघतोय, मग म्हणे रस्ते जाम आहेत, पेट्रोल मिळून नाही राहिलं, मग फोनच लागेना. १० तारखेला आपल्याकडे सकाळचे सहा वाजले तेव्हा ते किनाऱ्याला लागलं, मी टीव्ही लावला तर सगळ्या चॅनलवर रतन टाटा गेल्याची बातमी, वादळाचा एक शब्द नाही. मी देवघरासमोरून उठलीच नाही. दुपारी मेसेज आला की ओरलँडोकडे मित्राच्या घरी सुखरूप आहोत.

आता खरा प्रश्न. इतके दिवस भाड्याने होते, आता तिथेच घर विकत घ्यायचं म्हणतात, समुद्रापासून गाडीने पंधरा मिनिटांवर. मी म्हटलं परत ये, नाहीतर आतल्या एखाद्या गावात तरी जा. तर तो म्हणतो, "आई, आपल्या अपार्टमेंटला काहीच झालं नाही, कॅटेगरी ५ झेलली आम्ही." हे म्हणतात पोरगं मोठं झालं, त्याचं त्याला ठरवू दे. कोणाचं बरोबर? आणि पुढच्या वेळी मी इकडे बसून नेमकं काय पाहू? यूट्यूबवर तर काहीही दाखवतात.
एक आई, नागपूर

उत्तर: काकू, आधी पोराचं ते वाक्य घेते कारण सगळी गडबड तिथेच आहे. कॅटेगरी ५, म्हणजे वाऱ्याची सगळ्यात वरची पायरी, त्यांनी झेललेली नाही. ७ ऑक्टोबरला मिल्टन मेक्सिकोच्या आखातात भर समुद्रात होतं तेव्हा कॅटेगरी ५ होतं. ९ तारखेच्या रात्री, त्यांच्या घड्याळाप्रमाणे साडेआठच्या सुमारास, ते किनाऱ्याला लागलं तेव्हा कॅटेगरी ३ वर उतरलं होतं, आणि लागलं कुठे तर सिएस्टा की नावाच्या बेटाला, सारासोटाजवळ. ही जागा सेंट पीटर्सबर्गच्या दक्षिणेला आहे, आपल्या नागपूर-वर्धा अंतराहूनही कमी लांब.

एवढ्याशा अंतराने काय झालं ते बघा. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो आणि हे वादळ पश्चिमेकडून येत होतं, म्हणजे केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे ढकलणार आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. तुमचा मुलगा उत्तरेला पडला. टॅम्पा बेमध्ये, म्हणजे सेंट पीटर्सबर्गला लागून असलेल्या खाडीत, दहा ते पंधरा फूट पाणी चढेल असा अंदाज दिला होता, त्याऐवजी वाऱ्याने खाडीतलं पाणीच बाहेर ओढून नेलं. तेच केंद्र थोडं वर, खाडीच्या तोंडाच्या उत्तरेला लागलं असतं तर ते सगळं पाणी खाडीत घुसलं असतं, आणि त्या बाजूचा समुद्र लांबपर्यंत उथळ असल्यामुळे पाण्याला पसरायला खाली जागा नसते, ते वरच चढतं. यात घराची मजबुती, मुलाचा अनुभव, कशाचाच वाटा नाही, वादळ कुठे वळलं एवढाच फरक आहे. आणि तरीसुद्धा सेंट पीटर्सबर्गमध्ये १८ इंचांहून जास्त पाऊस पडला, ट्रॉपिकाना फील्ड स्टेडियमचं छत फाटलं, डाउनटाउनमध्ये क्रेन कोसळली आणि शहराचा पाणीपुरवठा बंद करावा लागला. आपल्या अपार्टमेंटला काही झालं नाही हे खरं आहे, त्यावरून पुढचं काही ठरवू नका.

दुसरी गोष्ट, आणि ही मुलाला जरूर विचारा, की मिल्टनच्या आधीचं हेलीन त्याला किती आठवतं. हेलीन २६ सप्टेंबरला लागलं ते फ्लोरिडाच्या वरच्या कोपऱ्यात, बिग बेंड भागात. टॅम्पापासून शंभरावर मैल लांबून समुद्रातून निघून गेलं. आणि तरी त्याच सेंट पीटर्सबर्गमध्ये समुद्र सहा फुटांच्या वर चढला, सखल भागात माणसं घरातल्या घरात बुडाली. म्हणजे जे वादळ जवळ लागलं त्याने तिथे समुद्राचं पाणी आणलं नाही आणि जे लांबून गेलं त्याने आणलं. कॅटेगरीचा आकडा फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. पाणी किती चढेल, पाऊस किती पडेल, वादळ किती रुंद आहे, हे त्यात काहीच नसतं.

माझी भाची त्याच भागात राहते, तिने हेलीननंतर पाठवलेला एक फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. शेजाऱ्यांच्या हॉलची भिंत, प्लगपॉइंटच्या बऱ्याच वरून गेलेली एक सरळ तपकिरी रेघ, आणि रेघेच्या खालचं सगळं कापून काढलेलं. तिकडे आतल्या भिंती जिप्सम बोर्डाच्या असतात, खारं पाणी लागलं की दोन-तीन दिवसांत बुरशी धरते, म्हणून रेघेच्या वरपर्यंत बोर्ड कापायचं, आतलं ओलं इन्सुलेशन उपसायचं, मग नुसते उभे खांब उरतात आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीतलं सगळं दिसतं. काढलेला सगळा माल रस्त्याच्या कडेला. गाद्या, सोफे, फ्रिज, पोरांची पुस्तकं, प्रत्येक घरापुढे ढीग. हे ढीग उचलून होण्याआधीच, तेरा दिवसांत, मिल्टन आलं आणि लोकांना नवीनच धास्ती की आता हेच सामान वाऱ्यात उडून खिडक्यांवर येणार.

तिकडच्या हवामान खात्याच्या तज्ज्ञांनी १९६३ ते २०१२ या पन्नास वर्षांत वादळांनी थेट गेलेल्या माणसांचा हिशोब मांडला होता, त्यात दहातले जवळपास नऊ जण पाण्याने गेले होते, आणि निम्मे तर नुसत्या समुद्राच्या उधाणाने. म्हणून तिथे शिकवतात की पाण्यापासून पळायचं आणि वाऱ्यापासून लपायचं. फ्लोरिडात समुद्राचं पाणी पोचू शकतं अशा पत्त्यांना इव्हॅक्युएशन झोन, म्हणजे घर सोडून निघायचा टप्पा, ठरवून दिलेला असतो, ए पासून पुढे, ए सगळ्यात धोक्याचा. मिल्टनच्या वेळी तुमच्या मुलाच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, ए, बी, सी आणि सगळे मोबाईल होमवाले (कारखान्यात बनवून आणलेल्या हलक्या घरांत राहणारे) यांना निघायला सांगितलं होतं. मुलाला त्याचा झोन तोंडपाठ आहे का विचारा. आणि निघायचं म्हणजे पाचशे मैल पळायचं नसतं, पाण्याच्या टप्प्याबाहेर आणि पक्क्या घरात जायचं, बरेचदा वीस-तीस मैल आत पुरतं. फक्त वेळेत. सगळे एकदम निघाले की काय होतं ते तुम्ही लिहिलंच आहे.

आता तुम्ही इकडून काय पाहायचं. मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर, त्यांची स्वतःची वेबसाइट, बाकी काही नको. त्यांचं पूर्ण बुलेटिन दर सहा तासांनी येतं आणि तिकडची घड्याळं उन्हाळ्यात एक तास पुढे असतात तेव्हा ते आपल्याकडे सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि रात्री अडीच वाजता पडतं. अडीचच्या रात्रीच्या बुलेटिनसाठी जागू नका, साडेआठला सकाळी नवीन येतंच. मधल्या वेळात यूट्यूबवर जे चालतं त्यात सहसा नवीन माहिती नसते, तीच माहिती मोठ्या आवाजात असते. तो पांढरा पट्टा, ज्याला ते कोन म्हणतात, तो वादळाचा आकार नाही. वादळाचं केंद्र कुठून कुठे जाऊ शकतं त्याचा तो अंदाज आहे, आणि दर तीन वेळांतून साधारण एकदा केंद्र त्या पट्ट्याच्याही बाहेर जातं. पट्ट्याबाहेर गाव आलं म्हणून सुटलो असं नाही, हेलीनने हेच दाखवलं. तुम्ही पाहायचा तो दुसरा नकाशा, पाणी किती फूट चढेल याचा, स्टॉर्म सर्जचा. वॉच म्हणजे वादळी वारे पोचायला साधारण ४८ तास, वॉर्निंग म्हणजे ३६ तास. तुमच्या मुलाने गाडीत सामान वॉचलाच भरलेलं असावं.

आणि काकू, लागायच्या दिवशी सारखा फोन करू नका. कॉल लागत नाही तेव्हाही बरेचदा मेसेज जातो, आणि त्याला बॅटरी लागेल. शिकागो, डॅलस, कुठलाही लांबचा एक मित्र ठरवून ठेवा, मुलाने त्याला एक मेसेज करायचा आणि त्याने तुम्हाला कळवायचं.

घराचं म्हणाल तर "पंधरा मिनिटांवर" या मापाला काही अर्थ नाही. टॅम्पा बे, खाडीचे फाटे, कालवे, पाणी सगळीकडून आत आलंय, समुद्र लांब असला तरी कालवा मागच्या अंगणात असू शकतो. विचारायचं ते हे की जमीन किती फूट उंच आहे आणि घराचा फ्लोअर किती उंच आहे. त्याचा कागद मिळतो, एलिव्हेशन सर्टिफिकेट. सेंट पीटर्सबर्गच्या मधल्या भागात उंच जमीन आहे, तिथले पत्ते कुठल्याच इव्हॅक्युएशन झोनमध्ये येत नाहीत. बीचवर जायला तिथूनही तेवढाच वेळ लागतो, फरक असतो तो फक्त हेलीनसारख्या रात्री. घर कधी बांधलं तेही बघा, कारण १९९२ मध्ये ॲन्ड्र्यू वादळाने मायामीच्या दक्षिणेचा भाग झोपवला त्यानंतर तिथले नियम बदलले आणि २००२ पासून पूर्ण राज्याला एकच कडक बिल्डिंग कोड लागू झाला.

मग विमा, आणि इथे आपली पोरं हमखास फसतात. साध्या होम इन्शुरन्समध्ये पुराचं पाणी धरलेलं नसतं. पुराची पॉलिसी वेगळी, सरकारी घेतली तर घराला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर, आणि सहसा घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ नकाशावर दिसल्यावर घेऊन काही उपयोग नाही. वाऱ्याच्या नुकसानाला वेगळी वजावट असते, ती सहसा ठरावीक रकमेत नाही तर टक्क्यात. चार लाख डॉलरचा विमा आणि पाच टक्के वजावट असेल तर पहिले वीस हजार डॉलर खिशातून. पूरक्षेत्रात अजून एक नियम आहे की दुरुस्तीचा खर्च घराच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर घर नव्या नियमांत बसवावं लागतं, म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण घर उचलून वर घ्यावं लागतं. कित्येक लोकांनी हेलीननंतर घरं विकली ती याच हिशोबाने. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्लोरिडात घर विकणाऱ्याला पुराच्या क्लेमबद्दल लेखी सांगावं लागतं, तो कागद मागायला सांगा, आणि शेजाऱ्यांना जाऊन विचारायला सांगा, कागदापेक्षा शेजारी जास्त सांगतात.

माझं मत विचारता तर, त्याने तिथे राहायला माझी हरकत नाही, नोकरी आहे, नातवाची शाळा आहे, माणसं जोडलीत. पण सखल जागेत घर घ्यायला माझा साफ नकार. पाण्याकाठी राहायची हौस असेल तर भाड्याने राहावं, भाडेकरूला एका बॅगेत निघता येतं, कर्ज काढून घेतलेलं घर माणसाला धरून ठेवतं, आणि निघायच्या वेळी "घर सोडून कसं जाऊ" या एका विचाराने लोक अडकतात. यावर तुम्ही त्याच्याशी बोललात तर तो ऐकेल असं वाटतं. "परत ये" यावर ऐकणार नाही, आणि आतल्या गावात गेलं की सुटलो हेही खरं नाही. हेलीननेच समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरातल्या ॲशव्हिल भागात पुराने किती माणसं नेली. आणि आपल्या नागपूरला कुठे समुद्र आहे? २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घरांत शिरली, माणसं गेली. तेव्हा तुमच्या मुलाने तिकडून तुम्हाला किती फोन केले असतील ते आठवा.

प्रश्न: ताई, माझी बहीण ह्यूस्टनला आहे. आई-बाबा जूनमध्ये सहा महिन्यांसाठी तिच्याकडे जाणार, म्हणजे पूर्ण वादळाचा सीझन तिथेच. ती म्हणते कॅटेगरी ३ च्या खाली असेल तर आम्ही लक्षही देत नाही, घरीच बसतो. बाबा इन्सुलिनवर आहेत. मी उगाच टेन्शन घेऊन राहिलो का?
धरमपेठ, नागपूर

उत्तर: उगाच नाही. दादा, बहिणीला फक्त बेरिल आठवायला सांगा. ८ जुलै २०२४, कॅटेगरी १, आणि ह्यूस्टन भागात वीस लाखांच्या वर ग्राहकांची वीज गेली, कित्येकांची बरेच दिवस आली नाही, वर जुलैचं ऊन. वादळ येऊन गेल्यावर उकाड्याने माणसं दगावली, जास्त करून वयस्कर. तुमच्या बाबांना वाऱ्यापेक्षा हाच धोका मोठा आहे. इन्सुलिनसाठी कूलिंग पाउच, महिन्याभराचा जास्तीचा स्टॉक, ग्लुकोमीटरच्या पट्ट्या आणि सेल, प्रिस्क्रिप्शनची कॉपी, हे इथूनच बॅगेत घालून द्या. वीज गेली तर कोणाकडे जायचं, ते घर आधी ठरलेलं असावं. शेजाऱ्यांकडे जनरेटर असेल तर तो घरापासून लांब, उघड्यावरच चालला पाहिजे, गॅरेजमध्ये लावून कार्बन मोनॉक्साइडने झोपेत माणसं गेल्याची उदाहरणं दर वादळानंतर असतात.

आणि ह्यूस्टनला समुद्र दिसत नाही म्हणून धोका नाही असं नाही. २०१७ मध्ये हार्वे किनाऱ्याला लागलं दुसरीकडेच, रॉकपोर्टजवळ, पण मग ते टेक्सासवर रेंगाळत बसलं. आपल्याकडे नागपुरात वर्षभरात साधारण ११०० मिलिमीटर पाऊस पडतो, हार्वेने काही दिवसांत टेक्सासमधल्या नेदरलँड गावाजवळ १५०० च्या वर पाडला. मात्र बहीण घरी बसते म्हणते ते पूर्ण चूकही नाही. २००५ मध्ये रीटा येतंय म्हणून अख्खं ह्यूस्टन एकदम रस्त्यावर आलं, गाड्या उन्हात तासन् तास उभ्या, आणि वादळाने गेली त्यापेक्षा जास्त माणसं त्या निघण्याच्या गोंधळात गेली. तेव्हा तिचं घर इव्हॅक्युएशन झोनमध्ये नसेल आणि पूर येणाऱ्या ओढ्याकाठी नसेल तर घरी बसणं ठीक, पण तयारी करून. आई-बाबांचे पासपोर्ट आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सचे कागद, बहिणीचं आय-७९७ (इमिग्रेशनच्या मंजुरीचा कागद), सगळं एका वॉटरप्रूफ पिशवीत, दाराजवळ.

प्रश्न: अमेरिकेत इतका पैसा, मग दर वर्षी वादळं येतात तिथे लाकडी घरं का बांधतात? आपल्यासारखं आरसीसी का नाही?
एक इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, हिंगणा रोड

उत्तर: पूर्ण खरं नाही हे. फ्लोरिडाच्या मधल्या आणि दक्षिण भागात खालच्या मजल्याच्या भिंती बहुतेक काँक्रीट ब्लॉकच्याच असतात, लाकूड असतं ते छपरात. आणि घर पडतं ते बहुतेक वेळा छपरापासून. वारा खिडकी किंवा गॅरेजचं दार फोडून आत शिरला की आतून दाब येतो, वरून वारा छपराला उचलतोच आहे, दोन्ही मिळून छप्पर सुटतं आणि मग भिंती उघड्या. म्हणून नव्या नियमांत जोर आहे तो छप्पर भिंतीला लोखंडी पट्ट्यांनी बांधण्यावर, आदळणारी वस्तू झेलणाऱ्या काचांवर, गॅरेजच्या दारावर. घराने हे केलंय असा तपासणीचा रिपोर्ट दिला तर विम्यात सूट मिळते. बाकी आरसीसी वाऱ्याला उत्तम, पण सहा फूट पाणी आत आलं तर त्यातही सामान आणि माणूस तसंच सापडतं. तू सिव्हिलचा असशील तर ॲन्ड्र्यू वादळानंतरच्या पडलेल्या घरांचे अहवाल शोधून वाच, छप्पर कुठे सुटलं ते त्यांत खिळ्यांपर्यंत जाऊन तपासलेलं आहे.

प्रश्न: नमस्कार. आम्ही दोघं रिटायर झालो, मनीष नगरात फ्लॅट आहे. आयुष्यभर विदर्भाच्या उन्हात काढलं, आता कोकणात समुद्राजवळ छोटं घर बांधावं म्हणतो. दिवेआगरकडे एक प्लॉट पाहिला, पाण्यापासून दीडशे मीटर, एजंट म्हणतो सी-व्ह्यू आहे, लगेच इसार द्या. मुली म्हणतात निसर्ग वादळ विसरलात का. सल्ला द्या.
एक निवृत्त शिक्षक दांपत्य

उत्तर: सर, मॅडम, मुलींचं ऐका, निदान इसार द्यायच्या बाबतीत तरी. निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला लागलं, वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. फ्लोरिडाच्या आकड्यांपुढे हे कमी वाटतं, पण दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूडच्या लोकांना विचारा. कौलं आणि पत्रे उडाले ते परत घालता आले, पण नारळी-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, आणि सुपारी लावली की धरायला वर्षं जातात, घरातल्या म्हाताऱ्याने लावलेली बाग नातवाच्या हातात पडते असं ते उत्पन्न. आतल्या गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकणाला घासत गुजरातला गेलं. पूर्वी अरबी समुद्र शांत म्हणायचे, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी तपासलं तर तिथली वादळं गेल्या काही दशकांत वाढली आहेत, कारण समुद्र तापतोय.

पण वादळाच्याही आधी कायदा आहे. सीआरझेडच्या, म्हणजे समुद्रकिनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या, २०१९ च्या नियमांप्रमाणे दाट वस्ती नसलेल्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई असते, दाट वस्तीच्या गावांना ती ५० मीटर आहे. तुमचा प्लॉट दीडशेवर. म्हणजे बांधताच येणार नाही अशी शक्यता बरीच आहे, आणि सी-व्ह्यू म्हणून एजंट त्याचेच जास्त पैसे मागतोय. भरतीरेषेचा अधिकृत नकाशा आणि त्यावर तुमचा गट नंबर, हे बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. सातबारा बघा, जमीन शेतीची असेल तर तुम्ही शेतकरी असल्याचा दाखला लागेल, एनए असेल तर त्याचा आदेश मागा.

कोकणात राहूच नका असं मी म्हणत नाही. खाली किनाऱ्यावर न घेता वर, सड्याच्या (उंचावरच्या कातळाच्या माळाच्या) बाजूला किंवा गावाच्या जुन्या वस्तीत घ्या. जुन्या लोकांनी घरं कुठे बांधलीत आणि कुठे फक्त माड लावलेत ते बघितलं तरी पाणी कुठवर येतं याचा अंदाज येतो. छत काँक्रीटचं करा किंवा पत्रे घालायचे तर नीट बोल्टने बांधून घ्या. घराच्या विम्यात वादळ आणि पूर आहे का वाचा, २०२१ पासून सगळ्या कंपन्या जी भारत गृह रक्षा पॉलिसी देतात तिच्यात ते धरलेलं आहे. आणि तुमच्या वयाला मला वाऱ्यापेक्षा दवाखान्याची काळजी जास्त वाटते. छातीत दुखलं तर जवळचं मोठं हॉस्पिटल किती तासांवर, आणि त्या रस्त्यावर झाडं पडली तर दुसरा रस्ता आहे का. डिसेंबरात सगळ्यांनाच कोकण आवडतं, तुम्ही जुलैमध्ये जाऊन तिथेच भाड्याने आठ-पंधरा दिवस राहा, वीज किती जाते, मोबाईलला रेंज किती असते, औषधाचं दुकान किती वाजता बंद होतं ते लिहून काढा आणि मग मुलींना घेऊन परत एकदा प्लॉट बघा. तोवर एजंट म्हणेल दुसरं गिऱ्हाईक आलंय. येऊ द्या.